चौक नको, वर्ग द्या

संगीतशिक्षक गेला की आपण त्याला गायक ठरवून निरोप देतो. आमच्या सरांचंही तसंच झालं. सांगलीत एका सभागृहात शोकसभा होती. फोटोला हार, समोर समई, आणि एकामागून एक माणसं उठून बोलत होती. सरांचा आवाज कसा होता, ऐन उमेदीत मुंबई गाठली असती तर आज त्यांचं नाव कुठे असतं, शाळेची नोकरी आणि शिकवण्या यांत अडकून एक मोठा गायक कसा राहून गेला. सगळे चांगल्या मनानेच बोलत होते, काहींचे डोळे भरून आले होते. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि ही माणसं नेमकी कोणाबद्दल बोलतायत तेच मला कळत नव्हतं. मी ज्यांना लहानपणापासून ओळखत होतो त्यांचं काहीच राहून गेलेलं नव्हतं. जे करायचं ते त्यांनी गावभागातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, रोज संध्याकाळी पाच ते नऊ, ३६ वर्षं केलं होतं.

सभेच्या शेवटी तीन गोष्टी ठरल्या. घराजवळच्या चौकाला सरांचं नाव द्यायचं, दरवर्षी पुण्यतिथीला दोन रात्रींचा संगीत समारोह करायचा आणि त्यात एका नामवंत कलावंताला सरांच्या नावाचा पुरस्कार द्यायचा. सर दवाखान्यात दाखल झाले त्या दिवशी वर्गात २२ मुलं होती. त्या मुलांचं पुढे काय, हा प्रश्न त्या सभेत कोणी काढला नाही. मीही काढला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो आता इथे काढतो, कारण तो एकट्या सरांचा प्रश्न नाही. शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची आठवण गावाने कशी ठेवावी, याबद्दल आपला समज मुळातच चुकलेला आहे असं मला वाटतं.

आधी सर काय करायचे ते सांगतो, कारण शोकसभेत तेच सांगायचं राहिलं.

मी तेरा वर्षांचा होतो आणि माझा आवाज फुटायला लागला होता. ज्यांनी मुलगे शिकवलेत त्यांना ठाऊक आहे की गाण्याचे वर्ग याच वयात निम्मे रिकामे होतात. काल काळी चार या उंच पट्टीत सहज तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जाणारा मुलगा आज मधल्या म वरच फाटतो, मुली हसतात, तो लाजतो, दोन दिवस खाडा करतो आणि मग येतच नाही. मीही चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी सर घरी आले. आईला म्हणाले, "वहिनी, त्याला पाठवून द्या, महिनाभर गायला लावणार नाही." आणि खरंच लावलं नाही. तो महिना मी फक्त तंबोरा छेडला. पंचम, जोड, जोड, खर्ज. मधल्या दोन तारा एकाच स्वराच्या, म्हणून त्यांना जोड म्हणतात. इतर मुलं गात होती आणि मी त्यांच्या मागे बसून चार तारा एकसारख्या वाजवत होतो. सर अधूनमधून विचारायचे, "जोडातली कुठली उतरली?" पहिला आठवडा मला काही कळायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारायच्या आधीच माझा हात खुंटीकडे जायला लागला.

मग त्यांनी मला पांढरी दोन या खालच्या पट्टीत नुसता सा लावायला सांगितला. जोर नाही, ताण नाही, वर जायचं नाही. "खाली जागा तयार होतेय, तिला घाई करायची नाही" एवढंच बोलले. मधल्या काळात तबल्याचे ठेके हातावर म्हणायला लावले म्हणजे लय सुटू नये, आणि बंदिशी पाठ करून नुसत्या बोलायला लावल्या म्हणजे शब्द विसरू नयेत. दर महिना-दीड महिन्याने पट्टी तपासायचे, पेटीवर बोट ठेवून. असं वर्षभर चाललं. वर्षाने माझा आवाज बसला तेव्हा मला गाणं पहिल्यापासून शिकावं लागलं नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी गाणं सोडलं नाही. मी गायक झालो नाही. मी एका सहकारी बँकेत नोकरी करतो. पण आजही कुठल्याही मैफिलीत तंबोरा लागत असताना जोडाची तार उतरलेली असली तर मला ती टोचते, आणि लागली की अंगावर शहारा येतो. हे मला त्या महिन्याने दिलं.

याची दाद कुठल्या मैफिलीत मिळणार? फुटलेल्या आवाजाच्या मुलाला वर्षभर सांभाळणं ही कला आहे. ती कळायला अनुभव लागतो, कान लागतो, आणि गायकाला क्वचितच लागतो इतका धीर लागतो. आपण तिला कलेत मोजत नाही. संगीतातलं मोठेपण म्हणजे व्यासपीठ, असं आपण ठरवून टाकलंय, आणि त्या फूटपट्टीने मोजलं की प्रत्येक शिक्षक अर्धवट राहिलेला गायकच ठरतो.

हे सांगली-मिरजेच्या माणसाने करावं, याचं मला जास्त दुःख होतं. इथून दहा किलोमीटरवरच्या मिरजेचा संगीतातला मान कशावर उभा आहे, ते जरा नीट बघा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली, म्हणजे काय केलं? शिष्य तयार केले. बुवा मिरजेत असताना कुरुंदवाडचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. लहानपणी फटाक्याने भाजून त्याची नजर गेल्यासारखी झाली होती, उपचारासाठी म्हणून त्याला मिरजेला आणलं होतं आणि डोळे चालणार नाहीत तर गाणं शिकव, असा सल्ला मिळाला होता. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. १८९६ ला ते मिरजेतून बाहेर पडले, गावोगाव हिंडले आणि ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. सुरुवातीचे काही दिवस कोणी विद्यार्थी आलाच नाही आणि पंडितजी एकटेच तंबोरा घेऊन बसत, असं सांगतात. संगीतशाळा म्हणजे काय हे लोकांना माहीत नव्हतं. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, त्याच्या मर्जीची वाट बघायची, आणि लिहून तर काहीच घ्यायचं नाही, ही रीत होती. पलुस्करांनी घड्याळ लावून वर्ग घेतले, फी ठेवली, अभ्यासक्रम केला, स्वरलिपी तयार केली, मुलांसाठी पुस्तकं छापली.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली. उपदेशक वर्ग. गायक घडवायचा वर्ग त्यांनी चालवलाच, पण त्याशिवाय गाणं शिकवणारे घडवायचा वेगळा वर्ग चालवला. मुलांना ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं, अनेक वर्षं बांधून घेतलं, ते याच्यासाठी. त्यातून बाहेर पडलेली माणसं बघा. विनायकराव पटवर्धन, जन्म मिरजेचा, १८९८ चा. काही काळ बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते, ते सोडून १९३२ ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि रागांची सात भागांची पुस्तकं लिहिली. बा. र. देवधर, तेही मिरजेचे. त्यांनी १९२५ ला मुंबईत संगीतशाळा काढली, आणि १९३६ ला त्या शाळेत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा शिकायला आला, त्याला आपण सगळे कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. कुमारजींचं नाव महाराष्ट्रात कुठेही घ्या, माणूस हात जोडतो. देवधर मास्तर मिरजेचे होते हे मिरजेतल्या किती घरांत माहीत आहे? मल्लिकार्जुन मन्सूरही घडत्या वयात मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकले. पुढे मन्सूरांना देशाने डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच झालं. नीलकंठबुवांचं नाव मात्र मन्सूरांच्या चरित्रातल्या एका ओळीपुरतं उरलं.

पलुस्कर शेवटी मिरजेलाच आले आणि २१ ऑगस्ट १९३१ ला इथेच गेले. मुंबईच्या शाळेची इमारत कर्जात लिलावाला गेली होती. मैफिली करून त्यांना भरपूर मिळवता आलं असतं, ती ताकद होती. शिष्यांनी त्यांची आठवण कशी ठेवली? त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. म्हणजे शाळांची, अभ्यासक्रमांची आणि परीक्षांची साखळी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही नावं आज देशभरच्या गाण्याच्या वर्गांत ऐकू येतात ती त्यातून आली, आणि त्या मंडळाचं नाव आजही मिरजेशी बांधलेलं आहे. गुरू शिक्षक होता, म्हणून त्याची आठवण शिकवण्याच्या रूपात ठेवायची, हे ९० वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना न सांगता कळलं होतं.

मला समारोहांबद्दल तक्रार करायची नाही. मी स्वतः मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणाऱ्या संगीत सभेत रात्र रात्र बसलोय. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ ला दूर मद्रासच्या मुलखात, सिंगपेरुमल कोइलच्या रेल्वे स्टेशनवर गेले, आणि त्यांना मिरजेत आणून या दर्ग्याच्या आवारात पुरलं. तिथे पहाटे चारला ललत राग सुरू झाला की पाय निघत नाही. पण खाँसाहेबांनीही पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं होतं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. आणि तो समारोह होतो कारण तिथे मोठी परंपरा आहे, श्रोते आहेत, दर्ग्याची शतकांची ओढ आहे. आमच्या सरांच्या नावाने दोन रात्री मंडप घालून ती ओढ येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रायोजक कंटाळतील, पाचव्या वर्षी एकच रात्र होईल, मग नुसतं फोटोपूजन. असे समारोह आपण सगळ्यांनी पाहिलेत.

सातारा जिल्ह्यातलं औंध मात्र मला वेगळं वाटतं. तिथले दरबारी गायक अंतुबुवा जोशी हेही बाळकृष्णबुवांचे शिष्य. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० च्या सुमारास औंधात संगीत महोत्सव सुरू केला. ८० वर्षांहून जास्त काळ तो टिकलाय. तो का टिकला? माझ्या मते, त्याच्यामागे घर होतं आणि घरात शिकवणं चालू होतं. अंतुबुवांनंतर त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, गजाननबुवांचे शिष्य उल्हास कशाळकर, आणि पुढे त्यांचे शिष्य. खटाव तालुक्यातल्या एका लहान गावात ऑक्टोबरच्या दिवसांत माणसं येतात ती कोणीतरी कोणाकडून तरी शिकलंय म्हणून येतात. शिष्य असतील तर समारोह आपोआप होतो. मंडप घातला म्हणून शिष्य तयार होत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सरांच्या नावाने जो पैसा गोळा होईल तो चौकाच्या पाटीवर आणि पाहुण्या कलावंताच्या बिदागीवर न घालवता एका शाळेत एक संगीतशिक्षक नेमायला वापरावा. सांगली शहरातली महापालिकेची शाळा घ्या, नाहीतर जत किंवा आटपाडीकडची जिल्हा परिषदेची. पाच वर्षांचं मानधन बाजूला ठेवा. एक पेटी, एक तबला-डग्गा, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून एक तंबोरा. तंबोरा मुद्दाम म्हणतोय. मोबाइलवरचा तंबोरा फुकट मिळतो आणि घरी रियाजाला तो चालतोही, पण घोडीवरचा सुताचा धागा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, कशी उघडते आणि नुसता टणत्कार होता तो आवाज भरून कसा येतो, हे मुलाने एकदा कानाने पाहिलं पाहिजे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचं लाकूड आणि मिरजेतल्या काही घरांचा पिढीजात हात, यांतून हे वाद्य होतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. पण या जिल्ह्यातल्या किती शाळकरी मुलांनी खऱ्या तंबोऱ्याला हात लावलाय?

यावर लगेच एक उत्तर येतं की हे सरकारचं काम आहे. आहेच. ते काम सरकार कसं बघतं ते कायद्यात लिहिलेलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी नियम आहे. शाळेत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत. अर्धवेळ. आणि मुलं शंभराच्या आत असली तर तेही नाही. दुष्काळी पट्ट्यातल्या वाडीवस्तीच्या शाळेत शंभर मुलं येणार कुठून? म्हणजे कायद्याच्याच हिशेबाने त्या मुलांच्या वाट्याला कला नाही. आणि जिथे कलाशिक्षक असतो तिथे तो बहुतेक चित्रकलेचा असतो. संगीत राहतं प्रार्थनेपुरतं, स्वागतगीतापुरतं आणि स्नेहसंमेलनाच्या आधीच्या पंधरवड्यापुरतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कलेला अभ्यासाच्या गाभ्यात आणायची भाषा आहे, पण गाण्याचा मास्तर वर्गात उभा राहिल्याशिवाय ती भाषा कागदावरच राहणार.

दुसरीकडे दहावीला कलेचे वाढीव गुण आहेत. गाण्याच्या, वाजवण्याच्या, नाचाच्या परीक्षा दिल्या की ते मिळतात. त्यामुळे वर्गात गर्दी वाढली हे खरं, आणि सरांना त्याचा आनंदही होता, कारण त्या निमित्ताने का होईना मूल दारात येतं असं ते म्हणायचे. पण ते गुण कोणाला मिळतात? ज्यांच्या आईवडलांना महिन्याची फी, परीक्षेची फी आणि संध्याकाळी मुलाला वर्गाला सोडायला वेळ परवडतो त्यांना. महापालिकेच्या शाळेत संगीतशिक्षकच नसेल तर तिथल्या मुलीने त्या परीक्षांची तयारी कोणाकडे करायची? एका बाजूने शाळेतून गाणं काढून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर विकत घेतलेल्या गाण्याला गुण द्यायचे, यातला अन्याय आपल्याला दिसत नाही का? त्यातून दहावी झाली की बहुतेक मुलं वर्ग सोडतात. सरांच्या वर्गातही तेच व्हायचं. जूनमध्ये अर्ध्या सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या असायच्या.

कोणी असंही विचारतं, आणि हा प्रश्न मला गंभीर वाटतो, की शास्त्रीय संगीत मूठभर घरांतलं आहे, ते सगळ्या मुलांवर का लादायचं? आमच्या भागात भजन आहे, गोंधळ आहे, शाहिरी आहे, तमाशा आहे, लग्नातला बँड आहे. ती काय संगीत नाहीत? आहेत, आणि शाळेतला संगीतशिक्षक त्यांच्यातलाही असू शकतो, असला पाहिजे. मी ज्या शिक्षकाची मागणी करतोय त्याने भूप राग शिकवावा की पोवाडा, हे त्या गावाने आणि त्या मास्तरने ठरवावं. सूर ओळखणं आणि लय न सोडणं, हे दोन्हीकडे एकच आहे. पण गाणं मूठभर घरांत अडकलं म्हणून शाळेत नको, असं म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की शाळा हाच ते त्या घरांतून बाहेर काढायचा रस्ता होता. पलुस्करांनी तो १९०१ ला उघडला. आपण तो बंद करत आणलाय. सरांकडे येणाऱ्यांत हळदीच्या बाजारात हमाली करणाऱ्याचा एक मुलगा होता. तो सरांच्या घरच्या वर्गात आला तो सर त्याच्या शाळेत शिकवत होते म्हणून. शाळेत गाता गाता तो त्यांना सापडला. नुसता घरचा वर्ग असता तर तो मुलगा त्या गल्लीत पाय ठेवायला धजावला नसता. आज तो एका ऑर्केस्ट्रात पेटी वाजवतो आणि घर चालवतो.

शाळेत शिकून गायक होतात का, असंही विचारतात. नाही होत. गणित शिकून सगळे गणिती होतात का? गणिताच्या शिक्षकाच्या शोकसभेत कोणी असं म्हणत नाही की बिचाऱ्याने एखादा सिद्धांत मांडला असता तर नाव झालं असतं. संगीतशिक्षकालाच आपण ही शिक्षा देतो.

आता वह्यांबद्दल. हे सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही.

सर प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवायचे. शाळेच्या शंभर पानी वह्या, वर बॉलपेनने वर्ष लिहिलेलं. एका पानावर एक विद्यार्थी. तारीख, पट्टी, काय शिकवलं, आणि खाली दोन-चार शब्द. माझ्या पानावर काय होतं ते मी मोठा झाल्यावर एकदा चोरून वाचलं होतं. "कान बरा. घाबरतो. समोर बसवू नये, भिंतीकडे बसवावं." मी भिंतीकडे का बसायचो ते मला तेव्हा कळलं. अशा ३१ वह्या होत्या. म्हणजे ३१ वर्षांत शेकडो मुलांना एका माणसाने काय, कधी आणि का शिकवलं त्याचा हिशेब. गायकांच्या ध्वनिमुद्रिका निघतात, त्यांच्यावर पुस्तकं निघतात. शिक्षकाचं शिकवणं असं लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. गावभागातल्या घरांत पहिल्या मजल्याला पाणी लागलं. सरांना आणि काकूंना होडीतून बाहेर काढून विश्रामबागेत नातेवाइकांकडे नेलं. निघताना काकूंनी दोन्ही तंबोरे माळ्यावर चढवले होते, कापडात गुंडाळून. वह्या खालच्या कपाटात राहिल्या. त्या गडबडीत कोणाला सुचणार होतं? पाणी उतरल्यावर आम्ही चार-पाच जण खोली साफ करायला गेलो. पेटीच्या पट्ट्या फुगून वर आल्या होत्या, भाता कुजला होता, सूर गंजले होते. भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. कपाट उघडलं तर वह्यांचा एकच लगदा होता, निळी शाई सगळीकडे पसरलेली. आम्ही पानं सोडवायचा प्रयत्न केला, वाळत घातली, पण हातात तुकडेच आले. सर दारात खुर्चीवर बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "राहू दे रे. पेटी मिरजेला कोण नेतंय ते सांगा, सोमवारी वर्ग सुरू करायचाय." आणि पुढच्या सोमवारी खरंच केला, ओल्या भिंतीच्या खोलीत, एका मुलीच्या घरून आणलेल्या पेटीवर.

तीन वह्या वाचल्या, कारण त्या एका विद्यार्थिनीकडे बंदिशी उतरवून घ्यायला दिल्या होत्या.

सर सांगली आकाशवाणीवर गायले होते, त्या गाण्याची एक कॅसेट त्यांच्या घरी आहे. त्यांच्या शिकवण्याचं मात्र एक मिनिटाचंही ध्वनिमुद्रण नाही. आमच्या सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते. आम्ही त्यांचं गुरुपौर्णिमेचं गाणं भरून घेतलं, वाढदिवसाचं भाषण भरून घेतलं. रोजच्या वर्गात, एखादी मुलगी सातव्यांदा गंधार उतरवते तेव्हा सर न चिडता आठव्यांदा तो कसा सांगतात, ते कोणालाही भरून घ्यावंसं वाटलं नाही. ते रोजचंच वाटायचं.

सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत सत्तरी ओलांडलेले संगीतशिक्षक अजून आहेत. वाईत, कराडात, तासगावात, मिरजेत, कोणी देवळाच्या ओवरीत शिकवतं, कोणी घरच्या पडवीत. त्यांचे सत्कार करा, शाल द्या, माझं काही म्हणणं नाही. पण त्याआधी त्यांच्या वर्गात महिनाभर एक मायक्रोफोन ठेवा. गाणं नको, शिकवणं भरून घ्या. चुकलेला सूर, थांबवलेली तान, परत सांगणं, मधले गप्प राहणं, सगळं. त्यांच्या वह्या असतील तर त्या मागून घ्या, छायाचित्रं काढा आणि नदीपासून लांब ठेवा. याला फार पैसा लागत नाही. सरांच्या नावाच्या पुरस्काराची रक्कम यात बसते.

सरांच्या स्मृतीसाठीच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. चौकाच्या नावाचा अर्ज महापालिकेकडे गेलाय असं कळतं, तो मागे घ्या असं मी म्हणणार नाही, काकूंना त्याचं समाधान आहे. पण समारोह आणि पुरस्कार यांच्याऐवजी एका शाळेतला एक शिक्षक, पाच वर्षांसाठी, हा प्रस्ताव मी लेखी देणार आहे. वर्गातल्या त्या २२ मुलांपैकी अकराजणांचे पालक माझ्याबरोबर सही करायला तयार आहेत. सरांच्या खोलीचं भाडं सध्या आम्ही जुने विद्यार्थी भरतोय. दोन्ही तंबोरे तिथेच आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी सरांची एक विद्यार्थिनी बँकेतली नोकरी सांभाळून मुलांना घेऊन बसते, पण तिला रोज जमणार नाही.

वाचलेल्या तीन वह्या माझ्याकडे आहेत, तिसऱ्या मजल्यावर, प्लास्टिकच्या डब्यात. एखादी संस्था त्या नीट उतरवून ठेवायला तयार असेल तर मी स्वतः आणून देईन.